अख्खं लग्न घेऊन जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन दिवस लग्नाच्या फोटोग्राफरांची परिषद, पडद्यावर उदयपूरचे महाल आणि गोव्याचे किनारे, आणि घरी आल्यावर डीपी रोडवरच्या लॉनमधले स्वतःचे फोटो बघवेनात. नवा प्रीसेट, म्हणजे फोटोंचे रंग एका झटक्यात बदलणारी तयार सेटिंग, घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. त्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरे. मला लागली ती तुझी शेवटची ओळ: एवढ्या गर्दीत आपलं माणूस एकही भेटलं नाही.

कसं भेटणार? तू फोनवर निवडक पंधरा फोटो दाखवलेस, समोरच्यानं त्याचे पंधरा दाखवले. दोघांनी ‘भारी’ म्हटलं आणि संपलं. वेचलेल्या पंधरा फोटोंवर कुणाला काही बोलताच येत नाही, कारण चुका तू घरीच ठेवून आलेली असतेस. व्यासपीठावरच्या माणसाचंही तेच. तो कित्येक वर्षांच्या कामातलं सार दाखवतो आणि तू त्याच्याशी तुझ्या परवाच्या लग्नातल्या तीन हजार फ्रेम ताडून बघतेस. अख्खं लग्न दाखव, आणि समोरच्याकडेही अख्खं लग्न माग.

करायचं असं. एकच लग्न घे. सगळ्यात चांगलं झालेलं नको, सगळ्यात अलीकडचं घे. हळदीपासून माप ओलांडेपर्यंतचे सत्तर फोटो क्रमानं निवड आणि चार बाय सहाच्या कागदावर छाप. मागे बारीक परमनंट मार्करनं क्रमांक घाल, आणि शाई वाळल्याशिवाय गठ्ठा करू नकोस, नाहीतर खालच्या फोटोवर निळे डाग पडतात. यात नसलेले, तूच बाद केलेले दहा फोटो वेगळ्या पाकिटात ठेव. प्रत्येक विधीचे किमान तीन फोटो हवेत: जागा कळेल असा एक, हात काय करताहेत ते दाखवणारा एक, आणि बघणाऱ्यांच्या चेहऱ्याचा एक. कानपिळीत नवऱ्याचा कान सगळेच टिपतात, त्या वेळी मागे हसणारी नवरीची आई कुणाकडेच नसते.

छापायचंच का, असं विचारशील. प्रत्येक फोनचा पडदा वेगळा उजळ आणि वेगळा रंगीत असतो, शिवाय त्यावर एका वेळी एकच फोटो दिसतो. सत्तर कागद टेबलावर ओळीनं मांडले की रंगांच्या उड्या लपत नाहीत. हळदीच्या रांगेत त्वचा कधी निळसर, कधी केशरी दिसते. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेली रंगांची दुरुस्ती, समोरचा पिवळा रंग जास्त समजून तो मारतो आणि जितकी हळद फ्रेममध्ये येईल तितकं चित्र थंड, निळसर पडत जातं. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) ५,२०० ते ५,६०० च्या दरम्यान हातानं लाव आणि कार्यक्रम संपेपर्यंत हलवू नकोस. मांडवाचं कापड गुलाबी असेल तर वर उडवलेला फ्लॅशही गुलाबी होऊनच खाली येतो. तिथे पांढऱ्या छत्रीतून बाजूनं प्रकाश टाक, छताचा मोह सोड.

लाजाहोमाला समोरून फ्लॅश मारलास की धूर पांढरा होऊन चेहऱ्यांवर पडदा येतो आणि फोकस हेलकावे खातो. प्रकाश मागून किंवा तिरका असेल तर तोच धूर सुंदर दिसतो. स्टेजमागे एलईडी वॉल असेल तर वेगवान शटरला आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून शटर १/१०० किंवा १/५० सेकंदापासून सुरू कर. प्रत्येक वॉलचं गणित वेगळं असतं, तेव्हा पाहुणे यायच्या आधी चार फ्रेम मारून बघ, आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेव. हवेतल्या अक्षता थांबवायला एरवी १/५०० लागतो. वॉल असेल तर तेवढं वर जाता येत नाही, मग तिथे अक्षता फ्लॅशनं गोठवायच्या.

अंतरपाटाकडे जरा थांबू, कारण तुझ्या पंधरा फोटोंत तो नव्हता. गुरुजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केलं की हाताशी काही सेकंदच उरतात. अंतरपाटाच्या टोकाला, दोघांचे चेहरे बाजूनं दिसतील अशी उभी राहा. तिथे नेमके अंतरपाट धरणारे गुरुजी आडवे येतात, म्हणून त्यांच्याशी आणि व्हिडिओवाल्याशी अर्धा तास आधी बोलून घे. तो क्षण सुटला असेल तर त्या जागी कोरा कागद ठेव. हो, कोराच ठेव. त्या कोऱ्या कागदाकडे बघून जो ‘तू कुठे उभी होतीस?’ असं विचारेल, तो तुझा माणूस. ‘लेन्स कुठली?’ विचारणाऱ्याशीही नीट बोल, पण त्याच्यासाठी दुपारचं जेवण लांबवू नकोस.

परिषदेत मॉडेल उभं करून जो वर्ग होतो, तिथे चाळीस जण दुसऱ्यानं लावलेल्या प्रकाशात एकच फोटो काढतात. तो फोटो स्वतःच्या लग्नांच्या कामात मिसळायचा नाही. मिसळणं ही अप्रामाणिकता आहे, आणि ‘सगळेच करतात’ हे उत्तर मला ऐकायचं नाही. तिथे कॅमेरा खाली ठेवून वही काढ. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी पेटी) चेहऱ्यापासून किती फुटांवर, किती उंचीवर, फ्लॅशची पॉवर किती, हे आकृती काढून लिही. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोनदा निम्मा होतो, दोन स्टॉप जातात. दिव्याजवळची नवरी उजळ आणि पलीकडचा नवरा काळवंडलेला, हे तुझ्या स्टेजवरच्या फोटोंत होतं त्याचं कारण हेच. दिवा मागे घे आणि पॉवर वाढव, दोघांमधला फरक कमी होईल. घरी भावाला आणि वहिनीला भिंतीशी उभं करून हेच तीनदा कर.

आता माणसांबद्दल. तुला दोनशे ओळखी नकोत, चारपाच जण हवेत, आणि ते सगळे पुण्यातलेच नकोत. चांगल्या मुहूर्ताला पुण्यातला प्रत्येक जण अडकलेला असतो. ऐन वेळी ताप आला तर सातारा, नगर, नाशिककडचा, त्या दिवशी मोकळा असलेला कुणीतरी लागतो. त्याच्याशी आधीच लिहून ठरव: पैसे त्याच दिवशी, निघण्याआधी मेमरी कार्डं दोन ठिकाणी कॉपी, स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड वाटायचं नाही, घरच्यांना दाखवण्याआधी काही पोस्ट करायचं नाही. आणि सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची. तीन मिनिटांचा फरक राहिला तरी सप्तपदीतलं सातवं पाऊल पहिल्याआधी येऊन बसतं आणि रात्रभर क्रम लावत बसावं लागतं. पण ज्याचं अख्खं लग्न तू पाहिलेलं नाहीस, त्याला स्वतःच्या जागी पाठवू नकोस. त्याच्या पंधरा फोटोंवरून तो विहिणींच्या पंगतीत कसा वागतो हे कळत नाही.

लोक म्हणतात, हा छापील गठ्ठ्याचा हट्ट जुना झाला, आता रील बघून गिऱ्हाईक येतं. येऊ दे, रील कर. पण वर्षभरानं नवरीची आजी अल्बम मांडीवर घेते तेव्हा तिला बहिणीचा चेहरा हवा असतो, आणि तो नसला तर कुठलाच प्रीसेट तो आणून देत नाही. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली, म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतोय. अख्खं लग्न, पोरी.

प्रेरणा हवी असेल तर पुढच्या परिषदेची वाट बघू नकोस. घरातला आजी-आजोबांच्या लग्नाचा कृष्णधवल अल्बम काढ आणि किती थोड्या फोटोंत सगळं लग्न बसलंय ते मोज. बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शन लागलं की जा, फोटोपासून चार पावलं मागे उभी राहा. आणि एखाद्या नातेवाइकाच्या लग्नाला कॅमेऱ्याशिवाय जाऊन गौरीहराच्या खोलीत नवरीजवळ बसून राहा. त्या खोलीत तुला जितकं सहज बसता येतं, तितकं मला कधीच येणार नाही.

सध्या चातुर्मास आहे, तारखा मोकळ्या आहेत. पुढच्या रविवारी सकाळी दहाला सत्तर फोटो घेऊन ये. आणखी दोघांना बोलावलंय, तेही आपापले गठ्ठे आणतील. आमचं जेवणाचं टेबल सहा फुटांचं आहे, तिघांचे गठ्ठे मावणार नाहीत, उरलेले सतरंजीवर मांडू. बाद केलेल्या दहांचं पाकीट विसरू नकोस, सुरुवात त्यापासून करायची आहे.

तुझा,
काका