हसं कुणाचं होतंय?

प्रश्न : महिला मंडळात 8 मार्चला 10 मिनिटांची नाटिका करतोय. कांदेपोह्यांचा कार्यक्रम उलटा : मुलीकडचे मुलगा बघायला येतात. मुलाचं काम करणारीने लाजत-मुरडत ट्रे आणावा का? आणि तालमीत पहिल्या दोन मिनिटांनंतर कुणी हसतच नाही, ते का? (सातारा)

उत्तर : लाजणं-मुरडणं आधी काढून टाका. मुलगा बायकी वागला की प्रेक्षक बायकीपणाला हसतात, म्हणजे फिरून बाईलाच. पुरुषाने साडी नेसून केलेल्या विनोदातही बहुतेकदा हेच होतं. तुमचा मुलगा साधा, शिकलेला, नीट उत्तरं देणारा हवा. हसं व्हायला हवं ते त्याला विचारलेल्या प्रश्नांचं.

दोन मिनिटांत अदलाबदल सगळ्यांच्या लक्षात येते. पुढे नवं काही आलं नाही की हशा आटतो. म्हणून प्रश्न चढत्या क्रमाने लावा. मंडळातल्या प्रत्येकीकडून, तिला खरोखर विचारलेले प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव न घालता. वीसेक सहज जमतील. त्यातले सहा-सात निवडा. सुरुवात किरकोळ : ‘पोहे तूच केलेस ना?’ मग ‘चष्मा कधीपासून?’, ‘जरा चालून दाखव हं बाळ.’ मग नोकरी. आणि शेवटी, ‘नाव बदलायचं आम्ही ठरवलंय. विनायक आवडेल ना?’ मुलगा तोंड उघडतो, तेवढ्यात पडदा. पुढे एक शब्दही नको. माइकवर येऊन स्त्रीशक्तीचं भाषण तर मुळीच नको. प्रेक्षकांना जे स्वतःहून कळलंय ते समजावून सांगितलं की ते रुसतात.

मुलीची आई खाष्ट करू नका. प्रेमळ, बाळ-बाळ करणारी हवी. आरडाओरडा करणारी बाई दिसली की लोक तिच्या स्वभावाला हसतात आणि रीत सहीसलामत सुटते.

संवाद 900 ते 1000 शब्दांत बसवा. हशाला जागा लागते. फटका देणारे शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आणा. ‘घरचं सगळं आवरून नोकरी करायला आमची हरकत नाही’ हे वाक्य पडतं, कारण गंमत सुरुवातीलाच खर्च झाली. ‘नोकरी कर की, आमची काही हरकत नाही.’ इथे क्षणभर थांबा. मग, ‘घरचं सगळं आवरून.’ हशा ओसरू लागला की पुढचं वाक्य टाका. पूर्ण शांततेची वाट पाहिलीत तर लय मोडते.

प्रश्न : स्त्रीवादी विनोद हे शहरातलं, इंग्रजीतून आलेलं खूळ आहे असं कचेरीतले लोक म्हणतात. काय उत्तर द्यावं? (अकोला)

उत्तर : तुमच्या शेजारच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुढे करा. छपाई पुण्याची, साल 1882. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला 1881 मध्ये नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू झाला. ताराबाईंनी बायकांवरचा एकेक आरोप उचलला आणि तोच पुरुषांना लावून दाखवला, बोलत्या, झणझणीत मराठीत. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आणि भोंडला? ‘कारल्याचा वेल’ नीट ऐका. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू तिला कारल्याचं बी पेरायला सांगते. मग वेल, मग फूल, मग कारलं. तक्रारीचा एक शब्द नाही; सारा विनोद लांबणीवर टाकण्यात आहे. हा साचा आजही चालतो :

*फॉर्म भर गं सुने, मग जा आपल्या नोकरीला.*
*फॉर्म भरला हो सासूबाई, आता तरी जाऊ का नोकरीला?*
*बारसं होऊ दे गं सुने, मग जा आपल्या नोकरीला…*

पुढे बालवाडी, दहावी, मुलाचं लग्न, नातवाचं बारसं. दर कडव्यात काळ मोठ्या उडीने पुढे सरकायला हवा. एक पथ्य मात्र पाळा : गाण्यातली सासू शेवटी सुनेला सासऱ्याकडे धाडते, तो भाग गाळू नका. गाळलात तर सगळं खापर सासूवर फुटतं आणि घरातले पुरुष नामानिराळे राहतात.

प्रश्न : लग्नात नाव घ्यायचा आग्रह होणार. विनोदी, पण पतिसेवेचा नसलेला उखाणा कसा रचावा? (पनवेल)

उत्तर : हल्लीचे ‘आधुनिक’ उखाणे एकाच जागी फसतात : रावांनी भांडी घासली, केवढं माझं भाग्य! त्याने भांडी घासली याचं नवल केलंत, की काम बाईचंच हे गृहीत कायम राहिलं. काम त्याचंही आहे असं धरूनच बोला :

*आल्याचा चहा केला, साखर घातली बेताची,*
*…… कप विसळतोय, आज पाळी त्याची.*

दुसरी ओळ आधी रचा, मग तिला यमक शोधा. नाव त्या ओळीच्या सुरुवातीला ठेवा. नावाला गलका होतो, तो सरू द्या, मग उरलेली ओळ म्हणा. नवऱ्या मुलालाही घ्यायला लावा.

खेळात नवऱ्याचंच नाव चालत असेल तर विधवा, अविवाहित, घटस्फोटित बायका आपोआप भिंतीला टेकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. लग्नघराला तर ठरावही लागत नाही. आईचं, मैत्रिणीचं, स्वतःचं नाव चालेल असं करवलीने आधीच मोठ्याने सांगावं.

प्रश्न : घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काका ‘बायको माहेरी, घरात दिवाळी’ छापाचे विनोद टाकतात. भांडण नको, पण गप्पही बसवत नाही. (ठाणे)

उत्तर : लेख फॉरवर्ड करू नका, कुणी वाचत नाही. एक ओळ लिहा : ‘काका, कळलं नाही. काकू नसल्या की दिवाळी कशाची?’ हा विनोद न बोललेल्या गृहीतावर उभा असतो. ते शब्दांत मांडायची वेळ आली की टाकणाराच अडखळतो. ‘अगं, गंमत होती’ असं उत्तर आलं तर ‘हो, तीच सांगा ना’ एवढंच. शेवटी हसरा चेहरा लावू नका. प्रश्नाचा टोमणा होतो. काकू ग्रुपवर असतील तर ‘तुम्हीच सांगा काकू’ म्हणून त्यांना मध्ये ओढू नका, त्यांना त्याच घरात राहायचंय. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत.