ट्रिगरआधी ग्रिप: नेमबाजांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी बालेवाडीच्या रेंजवर सहा महिने १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते आहे. आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय. काय पाहून घ्यावं? (एक पालक, कोथरूड)

उत्तर: कंपनीचं नाव नंतर, आधी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. रिकामं पिस्तूल तिच्या हातात द्या. डोळे मिटून तिला ते टार्गेटच्या दिशेने उचलू द्या आणि मग डोळे उघडायला सांगा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध, वरच्या कडा एका रेषेत दिसल्या तर ग्रिप हाताला बसली. साइट दरवेळी डावीकडेच दिसत असेल, तर मनगट वाकवून ती मधे आणायची सवय लावू नका. ग्रिपचा कोन बदला. ज्या मॉडेलमध्ये तो बदलता येत नाही ते घेऊच नका. तळहाताखालचा आधार नुसता टेकला पाहिजे, हात आवळला जाता कामा नये. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं, पण वाढत्या वयाच्या मुलीला त्याहून बरंच हलकं पिस्तूल द्या. ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात. शेवटच्या वीस शॉटना खांदा बोलू लागतो. सेकंडहँड घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. दहा वर्षं उलटलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

प्रश्न: घरी ट्रिगर ५०० ग्रॅम उचलत होता, स्पर्धेच्या तपासणीत मात्र वजन उचलताना सुटला. असं का? (धनकवडी)

उत्तर: ट्रिगरने ५०० ग्रॅमचं वजन न सुटता पेलायला हवं. ते पेललं नाही, तर बहुतेक वेळा दोष मोजण्यात असतो. तपासणीत नळी उभी धरून वजन ट्रिगरच्या साधारण मध्यावर अडकवतात. घरी तुम्ही ताणकाट्याचा हूक वर, ट्रिगर ज्या पिनीवर फिरतो तिच्याजवळ अडकवला असेल, तर तिथे जास्त जोर लागतो आणि काटा ५०० दाखवतो. मध्यावर तोच ट्रिगर ४६०-४७० ला सुटतो. त्यात वजन झटक्याने उचललं की संपलंच. सावकाश, सरळ वर उचला. शिवाय तपासणीत हवेचा चार्ज भरलेला असतो, तेव्हा घरीही तसाच भरून, छर्रा न घालता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून मोजा.

बेत ५०० चा नको, ५१० ते ५२० चा ठेवा. स्क्रू फिरवण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने एक रेघ ओढा, म्हणजे परतीची वाट राहते. मग क्रमाने चला. आधी पहिल्या टप्प्याचं वजन, साधारण ३५०-४०० ग्रॅम. दुसऱ्या टप्प्याला उरलेलं. पहिला टप्पा जड असला की बोट ‘भिंती’वर, म्हणजे पहिला टप्पा संपून दुसरा सुरू होतो तिथे, निवांत टेकून राहतं. पकड, म्हणजे सिअरची (शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याची) अडक, फार कमी करू नका: ‘काच फुटल्यासारखा’ ट्रिगर हवा म्हणून ती घासत आणली की पहिल्याच टप्प्यात शॉट सुटतो, आणि हे धोक्याचं आहे. मागचा थांबा, म्हणजे शॉटनंतर ट्रिगरला अडवणारा स्क्रू, सर्वांत शेवटी. तो फार आत गेला तर सिअर सुटण्याआधीच ट्रिगर अडतो. शॉट सुटेनासा होईपर्यंत आत घ्या, मग पुन्हा सुटू लागेपर्यंत मागे आणि वर आणखी पाव फेरा मागे. प्रत्येक बदलानंतर पुन्हा वजन लावा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी काहीही हलवू नका.

प्रश्न: पावसाळ्यात ग्रिप वेगळीच लागते. (सिंहगड रस्ता)

उत्तर: अक्रोडाचं लाकूड दमट हवेत फुगतं. पिस्तूल पेटीत ओलं ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. जिथे रुततं ती जागा लगेच घासू नका. हिवाळ्यात तिथेच पोकळी होईल. कोरड्या दिवसांत पाहा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने थोडं थोडं घासा, कमी पडलं तिथे पुट्टी भरा.

प्रश्न: छर्रे ४.४९ मिमी व्यासाचे घ्यावेत की ४.५०? (पिंपरी)

उत्तर: हे तुमच्या नळीने ठरवायचं. पिस्तूल क्लँपमध्ये घट्ट बसवा, एका डब्यातले पाच-पाच छर्रे मारा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. क्लँपमधून पाचही छर्रे त्याच्या बऱ्याच आत, एकाच भोकात पडले पाहिजेत. जो डबा तसं देईल त्याच बॅचचे जास्तीचे डबे एकदम घेऊन ठेवा.