गोव्यातल्या महामार्गावर बदलती वेगमर्यादा आणि स्पीड कॅमेरे चालकांना पटतील का?

कॅमेरे पटतील, बदलती मर्यादा मात्र पटवून द्यावी लागेल. ब्रिटनमध्ये लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गावर ती १९९५ पासून आहे. गर्दी वाढली की डोक्यावरच्या पाटीवरचा आकडा खाली येतो, म्हणजे सगळे साधारण एकाच वेगाने सरकतात, सारखं थांबा-निघा होत नाही. तिथल्या चालकांची कुरकुर एवढीच की रस्ता मोकळा असतानाही पाटी ४० मैल दाखवते, का ते कळत नाही.

आपल्याकडे तिचा खरा उपयोग पावसाळ्यात. झुवारी पुलावर आडवा पाऊस लागला की पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसतात. तिथे मे महिन्यातलीच मर्यादा कशाला?

एकटादुकटा कॅमेरा मात्र बिनकामाचा. मोबाइलवरचा मॅप बोलतो, लोक ब्रेक मारतात, कॅमेरा मागे पडला की पुन्हा सुसाट. (रेंटच्या गाडीवाले तर ब्रेकही मारत नाहीत!) दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला तरच वचक बसेल. कारला अतिवेगाचा दंड कायद्याने १००० ते २००० रुपये आहे. पण मी ऐकतो तो राग दंडावर कमी, झाडाच्या फांदीआड गेलेल्या पाटीवर जास्त.