गेम लावला की पीसी बंद पडतो, म्हणून ९० हजारांचा नवा घ्यावा का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०२१ मध्ये सुटे भाग घेऊन जुळवलेला पीसी (रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड) ऑफिसच्या कामात दिवसभर नीट चालतो, पण भारी गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत खटकन बंद होतो. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड गेला; जुना पीसी द्या, वर ९० हजार भरा आणि नवा न्या. हातात पगार ४२ हजार, घरखर्च २८ हजार, बचत खात्यात ६० हजार. तेव्हा ६ हजारांची एसआयपी थांबवून क्रेडिट कार्डावर १८ महिन्यांचे हप्ते करावेत का?

आत्ता तरी नाही. क्रेडिट कार्डावर वार्षिक १५ टक्के दर धरला तर हप्ता साधारण ५,६१५ रुपये बसतो. म्हणजे ९० हजारांच्या पीसीवर ११ हजारांच्या आसपास व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीचे आणखी दोनेक हजार, प्रोसेसिंग फी वेगळी. 'नो कॉस्ट' (बिनव्याजी) हप्ते म्हटलं तरी व्याजावरचा जीएसटी आणि फी बहुतेक वेळा तुमच्याच बिलात येते. आणि हे सगळं कशासाठी, तर नक्की काय बिघडलंय ते कुणी तपासलेलंच नाही.

तुम्ही पत्रात दोन गोष्टी जाता जाता लिहिल्यात, माझं लक्ष तिथेच अडकलं. यूपीएस ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) आहे आणि पॉवर सप्लाय (कॅबिनेटमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आधीच्या पीसीतला, ५५० वॅटचा. आता हिशेब करा. गेममध्ये ग्राफिक्स कार्ड २२० वॅट घेतं, प्रोसेसर ७६ पर्यंत, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५० धरा. झाले साधारण ३५० वॅट. सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर यूपीएसकडून ४१० वॅट ओढले जातात, मॉनिटर वेगळा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. मागच्या लेबलवर बघा. ईमेल आणि एक्सेलला हा भार कधी येतच नाही, म्हणून दिवसभर काही होत नाही.

त्यामुळे पहिली चाचणी फुकट आहे: पीसी यूपीएस काढून थेट अर्थिंग असलेल्या भिंतीच्या सॉकेटला लावा आणि तोच गेम तासभर चालवा. बंद पडला नाही, तर दोषी यूपीएस. यूपीएसवर असताना पीसी बंद पडतो तेव्हा त्याच यूपीएसवरचा मॉनिटरही विझत असेल, तर संशय आणखी पक्का. ११०० व्हीएचा (लेबलवर ६६० वॅटच्या आसपास असलेला) यूपीएस पाच-सहा हजारांत येतो.

तरीही बंद पडला, तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्या कमी होतील. पण आता पीसी टिकला, तर पॉवर सप्लायवर दाट संशय घ्या. आरटीएक्स ३०७० साठी एनव्हिडियाची शिफारसच ६५० वॅटची आहे, कारण हे कार्ड काही मिलिसेकंद २२० च्या बरंच वर उसळी मारतं आणि दमलेला सप्लाय स्वतःला वाचवायला वीज तोडतो. बंद पडल्यावर सप्लायचं मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय पीसी सुरूच होत नसेल, तर तीही हीच खूण.

तापमानही एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये लॉग करा. प्रोसेसर ९५ अंशांना टेकत असेल तर धूळ साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. पाचशे रुपयांच्या आत काम होतं. मात्र गरम झालेला पीसी सहसा आधी अडखळतो, मग बंद होतो. तुमचा अडखळत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (नोंदवहीतल्या) 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवर फार विसंबू नका. पीसी नीट बंद झाला नाही एवढंच ती नोंद सांगते, कारण नाही.

सप्लाय बदलायचा तर पाच वर्षांची वॉरंटी असलेला ६५० वॅटचा 'ब्रॉन्झ' (कार्यक्षमतेचा दर्जा) सप्लाय घ्या, पाच-सहा हजारांत मिळतो. ग्राफिक्स कार्डाला विजेचे दोन जोड असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. जुन्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या केबलच्या) सप्लायच्या केबल नव्याला अजिबात लावू नका. पिनांची रचना वेगळी असते आणि एसएसडी जळू शकते. जुना सप्लाय उघडूही नका, आत कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

म्हणजे यूपीएस आणि सप्लाय दोन्ही बदलावे लागले तरी खर्च १२ हजारांच्या आत. तो बचत खात्यातून रोखीने करा. ४८ हजार उरतील, म्हणजे पावणेदोन महिन्यांचा घरखर्च. हे कमीच आहे, म्हणून पुढचे तीन महिने दरमहा ४ हजार परत भरा. एसआयपी वजा करून तुमच्याकडे ८ हजार उरतात, त्यात हे बसतं. एसआयपीला हात लावू नका.

मदरबोर्डच गेल्याचं दुसऱ्या एखाद्या कारागिराने सुटे भाग लावून दाखवलं, तरी फक्त बोर्ड बदला, आठ-दहा हजारांत. कार्ड, प्रोसेसर, रॅम चांगले असताना सगळा कॅबिनेट एक्स्चेंजमध्ये देऊ नका. दुकानदार तुमच्या त्याच कार्डाचे पैसे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून घेईल.