बाँडछाप नको, खरी वाटणारी हेरकथा कॉमिकमध्ये वाचायची आहे. कोणत्या मालिकेच्या पहिल्या अंकापासून सुरुवात करू?

चकाचक गाड्या, घड्याळात लपवलेले बाँब असलं काही नको, असं तुम्ही लिहिलंय. मग डोळे झाकून ‘क्वीन अँड कंट्री’चा पहिला अंक घ्या. मार्च २००१ मध्ये निघाला. प्रकाशक ओनी प्रेस, अमेरिकेतल्या पोर्टलंडची छोटी संस्था. लेखक ग्रेग रका, चित्रं स्टीव्ह रोल्स्टनची. सगळं कृष्णधवल.

गोष्ट सुरू होते आग्नेय युरोपातल्या कोसोव्होत. १९९९ च्या युद्धानंतर हा मुलूख संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाखाली होता, नाटोचं सैन्य जागोजागी होतं. तिथे टारा चेस ही ब्रिटनच्या एमआय-सिक्स या गुप्तहेर संस्थेची अधिकारी रायफल घेऊन दबा धरून बसली आहे. सावज म्हणजे एक माजी रशियन जनरल, आता माफियात गेलेला. ती नेम धरते, काम फत्ते होतं, पण निसटताना तिच्या पायाला गोळी लागते. दुसऱ्या एखाद्या लेखकाने यावरच अख्खी मालिका बेतली असती. इथे ही नुसती सुरुवात आहे.

कारण ती तिकडे लंगडत जीव वाचवत असते, तेव्हा इकडे लंडनच्या कार्यालयात तिचे साहेब जागे असतात. पॉल क्रॉकर, मोहिमांचा संचालक. त्याच्या हाताखाली अशी जोखमीची कामं करणारी माणसं तीन, फक्त तीन. त्यांना ‘माइंडर’ म्हणतात आणि टारा त्यांतली दुसऱ्या क्रमांकाची. मुळात हे काम सीआयएचं, त्यांच्यासाठी पत्करलेलं. म्हणजे गोळी ब्रिटिश पोरीने झाडायची, पायात गोळी तिने खायची, आणि निस्तरायचं क्रॉकरने.

मी गेली चौदा वर्षं सरकारी नोकरीत आहे, म्हणून मला हा अंक इतका भिडला असेल. पावसाळ्यात आमच्याकडे पूर नियंत्रण कक्षात रात्रपाळ्या लागतात. एका रात्री बोट पलीकडच्या वस्तीवर पोचली की नाही हे कळायला आम्हाला पावणेदोन तास लागले. फोन वाजेना. टेबलावर चहाचे कप तसेच गार झालेले, भिंतीवर तालुक्याचा नकाशा, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. पुढे काही महिन्यांनी हा अंक हातात आला आणि त्यातली लंडनची पानं वाचताना तीच रात्र आठवली. माणूस बाहेर पाठवलाय, तो आपल्या भरवशावर गेलाय, आणि आपल्या हातात वाट बघण्यापलीकडे काही नाही. क्रॉकर हे कुणाला बोलून दाखवत नाही. खेकसतो, वरिष्ठांशी भांडतो, फोनवर फोन लावतो. पण त्याला टाराची काळजी आहे हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

पुढच्या अंकांत जनरलचे लोक सूड घ्यायला उठतात आणि थेट एमआय-सिक्सच्या इमारतीवर रॉकेट डागतात. हे वाचून कुणाला वाटेल, लेखकाने जरा जास्तच ताणलं. तसं नाही. २० सप्टेंबर २००० रोजी लंडनमध्ये व्हॉक्सहॉल क्रॉसच्या त्याच खऱ्या इमारतीवर रॉकेट डागलं गेलं होतं आणि आठव्या मजल्याला लागलं होतं. संशय आयर्लंडच्या एका बंडखोर गटावर होता. म्हणजे कॉमिक आलं तेव्हा त्या घटनेला जेमतेम सहा महिने झाले होते.

आणि मग लागतो तो हद्दीचा वाद! एमआय-सिक्सचं काम देशाबाहेर, देशातलं काम एमआय-फाइव्हचं. स्वतःच्या कार्यालयावर हल्ला झाला तरी क्रॉकरच्या माणसांनी लंडनमध्ये पिस्तूल घेऊन फिरायचं नाही. दोन खाती एकमेकांच्या उरावर बसतात, आणि मधल्या मध्ये जीव टाराचा टांगणीला. हे ज्याने कधी दोन विभागांमध्ये अडकलेली फाईल पाहिली असेल, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

रकाने हे हवेतून आणलेलं नाही. १९७८ ते १९८० दरम्यान ब्रिटिश टीव्हीवर ‘द सँडबॅगर्स’ नावाची मालिका होती, इयन मॅकिंटॉश यांनी निर्माण केलेली. ते आधी नौदलात अधिकारी होते. त्या मालिकेतही असाच एक मोहीम-संचालक, अशीच मोजकी माणसं. रका हे ऋण उघडपणे मान्य करतो. मॅकिंटॉश जुलै १९७९ मध्ये अलास्काजवळ विमानासह समुद्रावर बेपत्ता झाले, ते सापडलेच नाहीत, आणि मालिका वीस भागांवर थांबली. ते भाग मिळाले तर जरूर बघा. बहुतेक वेळ माणसं खोलीत बसून बोलत असतात, आणि तरी जागचं हलवत नाही.

चित्रांबद्दल एक सांगतो, नाहीतर पहिली दोन पानं बघून अंक खाली ठेवाल. रोल्स्टनची रेघ स्वच्छ, चेहरे गोलसर, जवळजवळ मुलांच्या कार्टूनसारखे. मलाही आधी खटकलं होतं. पण त्यामुळेच टारा कुणी मदनिका वाटत नाही. थकलेली, सिगारेट ओढणारी, कामाचा भार मनावर घेऊन घरी जाणारी बाई वाटते. माणूस मारल्याचं ओझं ती पुढे अंकामागून अंक वाहते, आणि लेखक तिला त्यातून सहजासहजी सोडवत नाही. माझ्या मते मालिकेची सगळ्यात मोठी ताकद हीच. चार अंकांनंतर चित्रकार बदलतो, पुढेही बदलत राहतो, त्याची तयारी ठेवा. २००२ मध्ये ‘क्वीन अँड कंट्री’ला सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचं आयस्नर हे कॉमिक क्षेत्रातलं मानाचं पारितोषिक मिळालं. २००७ पर्यंत एकूण ३२ अंक निघाले.

सुटा पहिला अंक शोधत बसू नका. पहिले बारा अंक एकत्र असलेला जाड खंड निघालाय, तो घ्या. पहिली गोष्ट चार अंकांची आहे, एका बैठकीत संपते. संपली की पुन्हा पहिल्या अंकाकडे या आणि या वेळी कोसोव्होची पानं भराभर उलटून फक्त लंडनची वाचा. क्रॉकर फोनवर काय बोलतो यापेक्षा तो फोन ठेवल्यावर काय करतो, तिकडे लक्ष द्या.