कॅन्सरच्या उपचारासोबत लेप, काढे आणि कोरफड: वाचकांचे प्रश्न

त्वचेच्या कॅन्सरविषयी आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे: दवाखान्याचा उपचार चालू आहेच, सोबत घरचं काय चालेल? पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. डाव्या टाचेजवळ काळपट डाग होता. कुरूप समजून वर्षभर दुर्लक्ष झालं. बायोप्सीत मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, निघाला. ऑपरेशनला तीन आठवडे आहेत. गडचिरोलीकडचे एक वैदू म्हणतात, बिब्बा आणि क्षाराचा लेप लावला तर गाठ मुळासकट गळून पडते. तोवर लावून पाहिला तर काय हरकत आहे? (महाल)

उत्तर : हरकत आहे, आणि फार मोठी आहे. त्या डागावर काहीही लावू नका.

बिब्ब्याचं तेल नुसतं हाताला लागलं तरी फोड येतात, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. क्षार, कळीचा चुना, रुईचा चीक यांचंही काम तेच: समोर येईल ती कातडी जाळायची. काही दिवसांत तिथे काळी खपली धरते, मग ती पडते, खाली लालभडक मांस दिसतं आणि घरच्यांना वाटतं, मूळ निघालं. निघालेलं असतं ते जळालेलं मांस. कॅन्सरच्या पेशी किती खोल गेल्या आहेत हे लेपाला कळत नाही. वरची जखम भरून येते, वरून सगळं बरं दिसतं आणि खाली गाठ वाढत राहते. अमेरिकेत ब्लडरूट नावाची वनस्पती आणि झिंक क्लोराइड यांचा असाच काळा मलम विकला जातो. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तो वापरू नका असा स्पष्ट इशारा दिलेला आहे.

दुसरं नुकसान ऑपरेशनचं होतं. मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात आणि भोवतालची किती चांगली कातडी काढायची ते त्यावरून ठरतं. खोली १ मिमीपर्यंत असेल तर साधारण १ सेंमी कड, २ मिमीच्या वर असेल तर २ सेंमी. लेपाने जळालेल्या जागी डागाची हद्द कुठे संपते हे सर्जनलाही दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टलाही नाही. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. तिथली गाठ कॅन्सरमुळे सुजली की जखमेमुळे, हा नवा घोळ उभा राहतो.

वर्षभर वाट पाहिली म्हणून स्वतःला बोल लावू नका. आपल्याकडे मेलॅनोमा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे कुरूप, रुतलेला काटा किंवा मुका मार हेच आधी आठवतं.

या तीन आठवड्यांत करण्यासारखं बरंच आहे. त्या जागी वज्री किंवा दगड घासू नका, ब्लेडने सोलू नका. टाच मोकळी राहील अशी मऊ चप्पल वापरा. वडील खर्रा खात असतील किंवा विडी ओढत असतील तर आजच बंद करा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाचेवर कातडी बसवावी लागली तर ती धरत नाही. साखरेचा आजार असेल तर साखर तपासून आटोक्यात आणा. रोजच्या जेवणात डाळ, अंडी, दूध, पनीर यांतलं काही ना काही प्रत्येक वेळी असू द्या. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, ई जीवनसत्त्वाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी थांबवतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. ती कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : मोठ्या जाऊबाईंना मेलॅनोमासाठी इम्युनोथेरपीचं सलाइन दर तीन आठवड्यांनी लागतं. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरी गुळवेलीचा काढा, अश्वगंधा आणि हळदीच्या कॅप्सूल चालू केल्या आहेत. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, रागावतील म्हणून. (मानेवाडा)

उत्तर : आधी सांगा. पुढच्या सलाइनला जाताना सगळ्या डब्या, पुड्या आणि बाटल्या एका पिशवीत घालून न्या. डॉक्टर एखादवेळी रागावतीलही, पण माहिती नसताना घेतलेला निर्णय जाऊबाईंना जास्त महाग पडेल.

इम्युनोथेरपी प्रतिकारशक्ती ‘वाढवत’ नाही, तिचा ब्रेक काढते. मोकळ्या सुटलेल्या पेशी कॅन्सरवर जातात, आणि कधी कधी स्वतःच्याच यकृतावर, थायरॉइडवर, आतड्यावर किंवा फुप्फुसावर. म्हणून सलाइनच्या आधी रक्ताच्या तपासण्या होतात. आता गुळवेल बघा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. ती सूज प्रतिकारशक्तीने स्वतःच्या यकृतावर हल्ला करावा तशा प्रकारची होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही खरं. तो वाद बाजूला ठेवला तरी जाऊबाईंची अडचण वेगळी आहे. उद्या त्यांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, वाढलं, तर दोष सलाइनचा की काढ्याचा हे कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टर सुरक्षित बाजू म्हणून सलाइन थांबवतील आणि स्टेरॉइड सुरू करतील. म्हणजे काढ्यापायी खरं औषध बंद पडेल. अश्वगंधेचंही तसंच: तिने थायरॉइडचे आकडे बदलू शकतात आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. दोन्ही थांबवा.

हळद वरणात, भाजीत घालता तेवढी खुशाल घाला. कॅप्सूलची गोष्ट निराळी. हळदीतलं कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं जात नाही, म्हणून कंपन्या त्यात मिऱ्याचा अर्क, म्हणजे पायपेरिन, घालतात. त्याने कुर्क्युमिन कितीतरी पट जास्त शोषलं जातं, पण तोच अर्क यकृतातल्या औषध पचवणाऱ्या एन्झाइमलाही अडवतो आणि इतर गोळ्यांची रक्तातली पातळी बदलते. अशा कॅप्सूलमुळे कावीळ झाल्याचीही उदाहरणं आहेत.

पिशवीत एखादी भस्माची पुडी असेल तर तिच्यावरचे घटक वाचा. हरताळ, मनःशिळा, सोमल ही तिन्ही आर्सेनिकची रूपं आहेत. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं तर तळहात-तळपायांवर कडक खवले येतात आणि त्यातून त्वचेचा कॅन्सरही होतो. लेबल नसलेली पुडी तर घरात ठेवूच नका.

मग सोबतीला द्यायचं काय? चोथ्याचं जेवण, असं आमचं ठाम मत आहे. २०२१ मध्येच अमेरिकेत इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलॅनोमाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. दिवसाला २० ग्रॅम किंवा जास्त चोथा खाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिलेला दिसला. दुकानातून आणलेल्या प्रोबायोटिक गोळ्यांनी मात्र फायदा दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पक्का पुरावा नव्हे. पण भाकरी खाण्यात तोटा नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून साधारण १० ग्रॅम चोथा मिळतो. दोन वेळचं घट्ट वरण, वाटीभर पालेभाजी, चमचाभर जवसाची चटणी आणि एक पेरू धरला की २० ग्रॅम सहज होतात.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त शौचाला जावं लागलं, किंवा शौचातून रक्त-आव पडली, तर बेलाचा मुरंबा आणि इसबगोल करत बसू नका. ती आतड्याची सूज असू शकते. त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी.

प्रश्न : आईच्या नाकाच्या बाजूला बेसल सेल कॅन्सर आहे आणि वयामुळे ऑपरेशनऐवजी शेक, म्हणजे रेडिएशन, ठरलं आहे. कातडी जळू नये म्हणून कोरफड, हळद-साय किंवा खोबरेल लावावं का? (प्रतापनगर)

उत्तर : हळद-साय नको. हळदीच्या रंगाखाली लाली दिसत नाही आणि वाळलेला लेप खरवडताना नाजूक कातडी निघते. कोरफडीने रेडिएशनची जळजळ टळते असं चाचण्यांत दिसलेलं नाही, पण गार वाटतं म्हणून लावायची असेल तर पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. त्यातून पिवळा चीक गळतो, खाज सुटते ती त्यानेच. मग पान धुऊन आतला पारदर्शक गर घ्या, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा, आणि कातडी फुटलेली असेल तर अजिबात लावू नका. शेकाच्या आधी जागा कोरडी हवी, तेलाचा किंवा मलमाचा जाड थर नको. साधं, वास नसलेलं क्रीम दुपारी-रात्री पातळ लावलं तर चालतं. मोमेटासोन हे जोरकस स्टेरॉइड क्रीम सुरुवातीपासून लावलं तर जळजळ कमी होते असं चाचण्यांत दिसलं आहे. त्याबद्दल रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

चेहरा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, चोळू नका. जागेवर खुणा केल्या असतील तर त्या पुसू नका. बर्फ नको, गरम वाफ नको, चिकटपट्टी नको. एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: चष्म्याच्या नाकावरच्या टेकण्या. त्या रोज त्याच जागी घासतात आणि कातडी तिथेच आधी फुटते. एवढे आठवडे घरात असताना चष्मा काढून ठेवता आला तर उत्तम. लाली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि शेवटचा शेक झाल्यावरही आठवडाभर वाढते. उपचार संपूनही वाढतेय म्हणून घाबरू नका. थकव्यासाठी सकाळी उन्हं चढण्याआधी वीस मिनिटं चालणं आणि रात्री योगनिद्रा किंवा साधा सावकाश श्वास, हे आम्ही मनापासून सुचवतो.

प्रश्न : कॅन्सरच्या गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलं आहे. मग आपली संत्रीही बंद? आणि त्वचेच्या कॅन्सरसाठी एक जीवनसत्त्वाची गोळी आहे म्हणतात, ती कोणती? (काटोल)

उत्तर : नागपुरी संत्री आणि मोसंबी खा. पपनस मात्र टाळा, ते ग्रेपफ्रूटचंच जवळचं भावंड आहे आणि गोळी पचवणाऱ्या एन्झाइमला तसंच अडवतं.

गोळी म्हणजे निकोटिनामाइड, बी-३ चं एक रूप. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ३८६ जणांवर चाचणी झाली. ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्यावर वर्षभरात नवे बेसल आणि स्क्वॅमस कॅन्सर सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि गोळी थांबवल्यावर फायदाही थांबला. पण त्या सगळ्यांना आधीच्या पाच वर्षांत निदान दोनदा असा कॅन्सर होऊन गेला होता. मेलॅनोमासाठी ती नाही, झालेली गाठ तिने जात नाही, आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांवरच्या पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही. दुकानात ‘नायसिन’ देतील तर घेऊ नका. त्याने अंग लालबुंद होऊन आग होते.

उन्हाबद्दल एवढंच: आपण नवतपा आणि तापमानाचा आकडा बघून दुपट्टा बांधतो. कातडीला इजा करणारे अतिनील किरण तापमानावर चालत नाहीत, निवांत वाटणाऱ्या थंडीच्या दुपारीही ते असतात. दहा ते चार या वेळात बागेत काम असेल तर रुंद कडेची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा बारा महिने हवा.

प्रश्न : आजी ८० वर्षांच्या. लहानपणी चुलीवर भाजलेल्या मांडीच्या व्रणावर आता स्क्वॅमस सेल कॅन्सरची जखम झाली आहे. ऑपरेशन शक्य नाही. वास इतका येतो की आजी कुणाला जवळ बसू देत नाहीत. कडुनिंबाच्या पाण्याने धुतो, कापूर घालतो. (इतवारी)

उत्तर : कापूर बंद करा, उघड्या मांसाला तो झोंबतो. कडुनिंबापेक्षा मिठाचं पाणी बरं: अर्धा लिटर पाणी उकळून त्यात सपाट एक चहाचा चमचा मीठ, कोमट झाल्यावर वापरायचं, रोज ताजं.

वास येतो तो मेलेल्या मांसावर वाढणाऱ्या जंतूंचा, आणि त्यावर मेट्रोनिडाझोल चांगलं काम करतं. जेल मिळतं, किंवा गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर भुरभुरतात. प्रमाण डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून घ्या. तीन-चार दिवसांत वास कमी झालेला जाणवतो. घरातला मध नको, तो निर्जंतुक नसतो.

ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी वेदनेची गोळी द्या. जुनं कापड ओढू नका, मिठाच्या पाण्याने पूर्ण भिजवून सुटू द्या. आत न चिकटणारी पॅराफिनची जाळी, वर जाड गॉज आणि कोळशाचं ड्रेसिंग मिळालं तर ते सगळ्यात वर. रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. थांबलं नाही तर दवाखाना गाठा. माश्यांपासून फार जपा: खिडकीला जाळी, जखम कायम झाकलेली. उदबत्तीच्या धुराने वास झाकण्यापेक्षा खाटेखाली ताटलीत कोळशाचे तुकडे ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या.

नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, वेदनाशमनाबद्दल विचारा. साध्या गोळीने भागत नसेल तर मॉर्फिन देता येतं, आणि आजींना ते नाकारण्याचं काही कारण नाही. वास उतरला की त्यांच्या खाटेवर जाऊन बसा. त्या नको म्हणतील, तरी बसा.