राजकन्या, युवराज्ञी आणि ‘प्रिन्सेस’

साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारले आहे की, वर्तमानपत्रे ‘राजकुमारी डायना’, ‘राजकुमारी केट’ असे सर्रास लिहितात. पण या दोघींपैकी एकीचेही वडील राजे नव्हते, मग हा शब्द चालावा का?

माझ्या मते चालू नये. मराठीत लेक आणि सून यांची गल्लत होत नाही. राजाची मुलगी ती राजकन्या किंवा राजकुमारी, युवराजाची पत्नी ती युवराज्ञी. सातारकरांना उदाहरण दूर शोधायला नको. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा संभाजीराजे युवराज होते आणि शिर्क्यांच्या घरून आलेल्या येसूबाई युवराज्ञी; पुढे त्या महाराणी झाल्या आणि त्यांच्या शिक्क्यावर ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी अक्षरे आली. माहुलीला ज्यांची समाधी आहे त्या येसूबाईंना कुणी राजकुमारी म्हटले, तर ते आपल्या कानाला लगेच खटकेल.

इंग्रजीत मात्र ‘प्रिन्सेस’ हा एकच शब्द लेकीलाही चालतो आणि सुनेलाही. राणी एलिझाबेथ यांच्या कन्या ॲन या जन्माने प्रिन्सेस, म्हणून राजकन्या. केट २०११ साली लग्न होऊन त्या घराण्यात आल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये चार्ल्स राजे झाल्यावर ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ झाल्या. त्यांना युवराज्ञी म्हणावे.

डायना यांच्या बाबतीत सालही पाहावे लागते. १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी हातमोजे न घालता एड्सच्या रुग्णाशी हस्तांदोलन केले, तेव्हा त्या युवराज्ञी होत्या. जानेवारी १९९७ मध्ये अंगोलात, अंगावर संरक्षक जाकीट आणि चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल लावून त्या भूसुरुंगांच्या प्रदेशातून चालत गेल्या, तेव्हा त्यांचा घटस्फोट होऊन गेला होता. ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ ही अक्षरे नावापुढे राहिली असली, तरी त्या युवराजपत्नी उरल्या नव्हत्या. त्या प्रसंगाविषयी लिहिताना नुसते ‘डायना’ लिहावे. त्या कामाचे श्रेय कोणत्याही नात्याचे नसून त्यांचे स्वतःचे आहे, आणि ते तसेच दिसले पाहिजे.

स्वीडनच्या व्हिक्टोरिया यांचे प्रकरण निराळे आहे. १९८० मध्ये तिथला वारसा कायदा बदलला आणि धाकट्या भावाऐवजी त्या गादीच्या वारस ठरल्या. ‘युवराज्ञी’ म्हटले की आपल्याला युवराजाची पत्नी सुचते, म्हणून त्यांच्यासाठी मी ‘वारस राजकन्या’ असे लिहितो.